चित्रांची खोली पुन्हा लावायची आहे, सुरुवात कुठून करू?

फिकट निळी
नमस्कार मंडळी.

घरात १० बाय ९ ची एक खोली आहे. सहा वर्षांपूर्वी ती 'चित्रांची खोली' ठरली तेव्हा तिच्यात एक टेबल, एक इझल (चित्र टेकवायचा स्टँड) आणि एक खुर्ची होती. आज तिथे इस्त्रीचं टेबल, दोन मोठ्या बॅगा, बंद पडलेला प्रिंटर आणि लेकाचं क्रिकेटचं सामान आहे. या सगळ्याच्या मागे कुठेतरी माझे रंग आहेत. इझलवर टॉवेल वाळतो. खोटं नाही सांगत.

गेल्या आठ महिन्यांत एकही चित्र नाही. दरवेळी वाटतं, आधी खोली आवरू, मग बसू. खोली आवरून होत नाही, म्हणून बसणंही होत नाही.

मी मुख्यतः जलरंग आणि ॲक्रिलिक करते. मधे वर्षभर तैलरंगांचा नाद होता, त्याचे अवशेष अजून आहेत. संध्याकाळी उजेड अगदीच मरतुकडा असतो. कागदांना कुबट वास येतोय. आणि हवी ती वस्तू हवी तेव्हा सापडली असं कधी होत नाही.

पुढच्या आठवड्यात चार दिवस सुट्टी आहे. भिंतभर रॅक, कागदांसाठी खणांचं कपाट आणि जमलं तर नवं इझल घ्यायचा विचार आहे. भिंतींनाही रंग द्यायचाय. ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

नुसताच वाचक
वाचतोय. आमच्याकडे टॉवेलच्या जागी छत्र्या आहेत.

खोडरबर
पहिला सल्ला: काहीही विकत घेऊ नका. रॅक तर अजिबात नको. रॅक आला की पसारा उभा राहतो, कमी होत नाही.

आधी सगळं बाहेर काढा. चादर अंथरा आणि त्यावर माध्यमाप्रमाणे ढीग लावा. मग एकेक ट्यूब हातात घेऊन दाबून बघा. इथेच निम्मं काम होतं, कारण निम्म्या ट्यूबा मेलेल्या असतात, फक्त आपल्याला ते माहीत नसतं.

जलरंगाची ट्यूब कडक झाली असली तरी फेकू नका. ब्लेडने उभी चिरा, आतली वडी काढून छोट्या डबीत ठेवा, वरून दोन थेंब पाणी. जलरंगात डिंक असतो, तो पाण्यात परत विरघळतो. ॲक्रिलिक वाळलं की त्याचं प्लॅस्टिक झालं, ते गेलं. तैलरंगावर बऱ्याचदा नुसती साय धरलेली असते, ती टोचून काढली की आत रंग ताजा असतो.

झाकण अडकलं असेल तर ट्यूब पिळू नका, पोटातून फुटते. फक्त झाकण अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा आणि जाड फडक्याने फिरवा. उघडल्यावर आटे पुसून घ्यायला विसरू नका. अडकायचं खरं कारण तेच असतं.

तिरपी रेघ
खोडरबर, बाकी सगळं मान्य, पण 'सगळं बाहेर काढा' याला माझा कडाडून विरोध आहे. मी तसंच केलं होतं. शनिवारी सकाळी मोठ्या उत्साहात सगळं हॉलमध्ये आणलं. रविवारी संध्याकाळी पाहुणे आले. ते सगळं एका पलंगपोसात बांधून खोलीत ढकललं. ते गाठोडं तीन आठवडे तसंच होतं आणि त्यात माझा चष्माही होता.

फिकट निळीताई, एक खण, एक तास. तो खण संपला की थांबायचं. उत्साह असला तरी थांबायचं.

खोडरबर
एका खणाने दुसऱ्या खणातलं डुप्लिकेट कळत नाही हो. माझ्याकडे एकाच निळ्याच्या सात ट्यूबा निघाल्या, सात वेगवेगळ्या जागी. प्रत्येक वेळी 'संपला वाटतं' म्हणून नवीन आणली होती.

जाड ब्रश
सात ट्यूबा म्हणजे पसारा नाही हो, गुंतवणूक.

उजेडवेडा
मी फक्त उजेडाबद्दल बोलतो, कारण बाकीच्या गोष्टी नंतर बदलता येतात पण चुकीच्या उजेडात काढलेलं चित्र बदलता येत नाही.

माझा अनुभव सांगतो. दोन वर्षं मी पिवळट दिव्याखाली रात्री रंगवायचो. एका निसर्गचित्रात हिरवा काही केल्या मनासारखा लागेना, म्हणून त्यात निळा टाकत गेलो. रात्री एक वाजता झाडी अशी जमली की बास. सकाळी खिडकीपाशी नेलं तर सगळं रान गारठल्यासारखं निळंशार. दिव्यातला पिवळा रात्रभर माझ्या रंगात मिसळत होता आणि मी त्याच्याशी भांडत होतो.

त्यानंतर दिवे बदलले. दिव्याच्या खोक्यावर दोन आकडे बघा. एक केल्विन: २७०० म्हणजे पिवळट, ६५०० म्हणजे निळसर. चित्रासाठी ५००० च्या आसपास बरं पडतं. दुसरा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप. कमाल १००. किमान ९० तरी हवा. बहुतेक लोक वॅट बघतात आणि हा आकडा बघतच नाहीत. मग नुसता पांढराफेक उजेड येतो आणि लाल रंग मेल्यासारखे दिसतात.

अजून एक. पॅलेट आणि चित्र, दोन्हींवर एकच उजेड पडायला हवा. पॅलेट दिव्याखाली आणि चित्र खिडकीच्या उजेडात अशी विभागणी केलीत तर तुम्ही कालवलेला रंग आणि लावलेला रंग कधीच जुळणार नाहीत.

खिडकी कोणत्या दिशेला आहे?

फिकट निळी
पश्चिमेला. दुपारी तीननंतर ऊन थेट टेबलावर येतं. उत्तरेची हवी असते ना? ते काही आपल्या नशिबात नाही.

उजेडवेडा
उत्तरेचं कौतुक एवढ्यासाठी की कर्कवृत्ताच्या वर राहणाऱ्यांच्या खोलीत त्या बाजूने थेट ऊन जवळजवळ येत नाही, त्यामुळे दिवसभर उजेड सारखा राहतो. त्यात जादू काही नाही. पश्चिमेच्या खिडकीला पातळ पांढरा पडदा लावा किंवा काचेला ट्रेसिंग पेपर चिकटवा. ऊन पसरून मऊ होतं. पडदा पांढराच हवा. क्रीम रंगाचा लावलात की परत पिवळ्याशी भांडण.

आणि टेबल असं ठेवा की उजेड डावीकडून येईल, म्हणजे हाताची सावली कागदावर पडणार नाही.

डावरा हात
डावीकडून. वा. आम्ही गेलो का?

उजेडवेडा
डावखुऱ्यांनी उजवीकडून. क्षमस्व, महाराज.

डावरा हात
असू दे. ४१ वर्षं सवय आहे.

घडीचा कागद
त्या कुबट वासाकडे लक्ष द्या ताई, तो नुसता वास नाही.

जलरंगाच्या कागदाला कारखान्यात खळ दिलेली असते, बऱ्याचदा जिलेटिनची. त्यामुळे रंग वर तरंगतो, झटकन शोषला जात नाही. दमट जागी ती खळ जागोजागी मरते. वरून कागद शुभ्र, कोरा करकरीत दिसतो. पण वॉश (पातळ रंगाचा सलग हात) मारला की मधेच ठिपके उमटतात, टीपकागदावर शाई पडावी तसा रंग आत जातो. लोक रंगाला दोष देतात, ब्रशला देतात, स्वतःलाही देतात.

तपासायचं असेल तर चांगल्या कागदाचा कोपरा ओला करा. एखाद दुसऱ्या मिनिटात पाणी आत जाऊन काळपट ठिपके दिसले तर समजायचं की खळ गेली. तो कागद पेन्सिल, कोळसा, ॲक्रिलिकला वापरा, वाया जात नाही. ॲक्रिलिकसाठी आधी गेसोचा, म्हणजे रंग धरायला देतात त्या पांढऱ्या अस्तराचा, एक हात द्या.

साठवताना आडवाच ठेवा. उभा ठेवला की पोट येतं. बाहेरच्या भिंतीला टेकवून तर ठेवूच नका, ओल तिथूनच येते. खोलीत ओलावा ६५ टक्क्यांच्या वर सतत राहिला की बुरशी धरते. एक छोटा आर्द्रतामापक भिंतीला लावून टाका, अंदाजाने काही कळत नाही.

खणांचं कपाट घेणार असाल तर आतलं माप घ्या, बाहेरचं नाही. पूर्ण ताव २२ बाय ३० इंच असतो, म्हणजे ५६ बाय ७६ सेंटिमीटर. ए वन मापाच्या खणात तो नीट बसतो. तुम्ही अर्धे ताव वापरत असाल तर ए टू पुरतं आणि निम्मी जागा वाचते. प्रामाणिकपणे विचारते, गेल्या दोन वर्षांत पूर्ण तावावर किती चित्रं काढलीत?

फिकट निळी
शून्य. 🙈

घडीचा कागद
मग कपाट रद्द. पलंगाखाली चपटा पेटारा करा. चित्रं ठेवताना मधे वर्तमानपत्र घालू नका, त्यातला आम्ल उतरतो आणि कागद पिवळा पडतो. तपकिरी पुठ्ठाही नको. ॲसिड फ्री कागद मिळतो, तोच घाला. आणि पेटारा प्लायचा असेल तर कागद थेट लाकडावर नको, खाली पॉलिएस्टरची शीट घाला.

जाड ब्रश
एक शंका. पलंगाखाली आधीच व्यायामाची सायकल घडी घालून ठेवलीय. तिचं काय करू?

तिरपी रेघ
तिच्यावर टॉवेल वाळवा आणि ताईंचं इझल मोकळं करा.

तेलकट बोट
'तैलरंगांचे अवशेष' हे शब्द वाचून थबकलो. त्या अवशेषांत तेलाची फडकी आहेत का? बोळा करून पिशवीत किंवा कचऱ्याच्या डब्यात पडलेली?

जवसाचं तेल उडून वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. फडकं पसरलेलं असेल तर उष्णता निघून जाते. बोळा केला की आत कोंडते, उष्णता वाढली की क्रिया आणखी जोरात होते, आणि फडकं स्वतःहून पेटू शकतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. काही तासांत होऊ शकतं. एका स्नेह्याच्या घरी कोपऱ्यातल्या बादलीतून धूर निघाला होता. नशिबाने सगळे घरी होते.

फडकी मोकळ्या हवेत एकेरी पसरून पूर्ण कडक होऊ द्या. नाहीतर घट्ट झाकणाच्या लोखंडी डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. हे वाचून कुणी एकाने जरी आज बादली बघितली तरी पुरे.

पसाराप्रेमी
उगाच घाबरवताय. मी १५ वर्षं तेलात काम करतो, फडकी कोपऱ्यात फेकतो, काही झालं नाही.

तेलकट बोट
काही झालं नाही हे खरं आहे. तुमची फडकी कोपऱ्यात विखुरलेली राहतात म्हणून झालं नाही, ढीग होत नाही. खोली 'आवरायला' घेतली की लोक नेमकं उलट करतात. सगळी फडकी एकत्र, पिशवीत, गाठ मारून. म्हणून या धाग्यावर लिहिलं.

टर्पेंटाइनचंही सांगून टाकतो. गढूळ झालेलं मोरीत ओतू नका. बाटलीत झाकून दोन-चार दिवस ठेवलं की गाळ तळाशी बसतो, वरचं नितळ ओतून परत वापरता येतं. गाळ जमवून घातक कचऱ्यात द्यायचा. आणि 'वास नसलेलं' म्हणजे वाफ नसलेलं नव्हे. खिडकी उघडीच हवी.

पसाराप्रेमी
ठीक. फडक्यांचं मान्य, आज उचलतो.

पण एकूण धाग्याचा सूर मला पटत नाहीये. पसारा हा रोग आहे असं सगळे धरून चाललेत. चित्रकार फ्रान्सिस बेकनचा लंडनमधला स्टुडिओ आठवा. १९६१ पासून १९९२ मध्ये जाईपर्यंत त्याच एका लहान खोलीत काम केलं. जमिनीवर फोटोंचा, फाटक्या पानांचा, डब्यांचा खच. भिंती आणि दार हीच त्याची पॅलेट. पुढे डब्लिनच्या ह्यू लेन गॅलरीने ती अख्खी खोली उचलून नेली, भिंती, दार, धुळीसकट. पुरातत्त्वाच्या उत्खननासारखी मोजदाद केली तर सात हजारांहून जास्त वस्तू निघाल्या. २००१ मध्ये ती खोली तिथे लोकांना बघायला खुली झाली. आता बोला.

राखाडी
बोलतो. बेकनच्या खोलीत इस्त्रीचं टेबल नव्हतं.

त्याचा पसारा त्याच्या चित्रांचा होता. त्या फाटक्या फोटोंतूनच चित्रं यायची. ताईंचा पसारा प्रिंटरचा आणि बॅगांचा आहे. दोन्हींना एकच शब्द वापरू नका.

आणि उदाहरणंच द्यायची तर इटालियन चित्रकार जॉर्जिओ मोरांदी घ्या. बोलोन्यात बहिणींबरोबर राहायचा, झोपायची खोली हाच स्टुडिओ. एकेरी पलंग, एक इझल, आणि बाटल्या, डबे, सुरया. आयुष्यभर त्याच वस्तू हलवून हलवून काढल्या. त्यांच्यावरची धूळ पुसू द्यायचा नाही, कारण धुळीने चकाकी मरते आणि रंग मऊ दिसतो. म्हणजे धूळसुद्धा विचार करून ठेवलेली. १० बाय ९ लहान वाटत असेल तर त्याची खोली बघा.

पसाराप्रेमी
मोरांदीवर काही बोलू शकत नाही. हरलो. (बेकनवर नाही.)

तिरपी रेघ
धूळ विचार करून ठेवलेली. हे आज घरी सांगणार आहे.

राखाडी
भिंतींबद्दल. माझं नाव बघून ओळखलं असेलच. ज्या भिंतीसमोर चित्र ठेवून बघता ती भिंत मधल्या राखाडीत रंगवा, मॅट. झगझगीत पांढऱ्यासमोर प्रत्येक चित्र गडद वाटतं, म्हणून आपण उगाच फिकं करत जातो. रंगीत भिंत असली की तिची छटा परत उजेडातून चित्रावर येते. बाकीच्या तीन भिंती पांढऱ्या चालतील, उजेड फिरायला बऱ्या.

फिकट निळी
सध्या चारही भिंती आंब्यासारख्या पिवळ्या आहेत. 😔 आणि मला त्या आवडतात.

उजेडवेडा
ताई, तुम्ही माझ्या दिव्यातच राहताय.

राखाडी
आवडतात तर तीन राहू द्या. एक द्या मला.

खोडरबर
जुन्या चित्रांचं काय करायचं यावर कुणी बोललंच नाही. माझी गाडी नेहमी तिथेच अडते. रंग टाकता येतात, फाटके ब्रश टाकता येतात. स्वतःची फसलेली चित्रं हातात घेतली की दुपार जाते.

माझ्याकडे १३० च्या वर होती. शेवटी नियम केला: उभं राहूनच चाळायची. बसलं की भावना येतात. तीन गठ्ठे केले. ठेवायची, मागच्या बाजूने परत वापरायची, आणि सहा महिन्यांनी बघू. तिसरा गठ्ठा बांधून तारीख टाकली. सहा महिन्यांनी उघडला तेव्हा त्यातलं एकच ठेवावंसं वाटलं.

जलरंगाच्या चांगल्या कागदाची मागची बाजू अगदी वापरण्यासारखी असते. ॲक्रिलिकच्या फसलेल्या कॅनव्हासला घासून गेसो दिला की झाला नवा. फक्त तैलचित्रावर ॲक्रिलिक गेसो देऊ नका, धरत नाही, पुढे पापुद्रे सुटतात.

घडीचा कागद
आणि जी तैलचित्रं ठेवणार ती भिंतीकडे तोंड करून अंधारात वर्षानुवर्षं ठेवू नका. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं. पडलंच असेल तर काही दिवस उजेडात ठेवल्यावर बरंचसं जातं. थेट उन्हात नको.

जाड ब्रश
मघापासून गप्प बसून ऐकतोय, आता एक गंभीर मुद्दा. ब्रश पाण्याच्या ग्लासात डोकं खाली करून उभे ठेवू नका. मी तसा ठेवला आणि गावाला गेलो. परत आलो तेव्हा माझ्या सगळ्यात महागड्या ब्रशने मान अशी वळवली होती की अजून माझ्याकडे बघत नाही. दांड्याचा रंग फुगून सुटला, लाकूड आतून फुगल्यामुळे धातूची टोपी सैल झाली. आता तो हलवला की खुळखुळा वाजतो.

डावरा हात
त्याला फांद्या काढायला ठेवा. वाकडा ब्रश फांद्या आणि गवताला सरळ ब्रशपेक्षा बरा. वाकड्यांनाही काम असतं.

तिरपी रेघ
या वाक्यात काहीतरी दुखरं आहे.

कोळशाची कांडी
सगळा धागा सलग वाचला. माहिती उत्तम आहे, वाचनखूण साठवली. पण फिकट निळी यांना एक प्रश्न विचारायचाय, जो कुणी विचारला नाही.

तुमची शेवटची तीन चित्रं तुम्ही नेमकी कुठे बसून काढलीत?

फिकट निळी
थांबा, आठवते.

तीनही जेवणाच्या टेबलावर. एका कोपऱ्यात. 😳

कोळशाची कांडी
मला वाटलंच होतं. म्हणजे खोली आठ महिन्यांपूर्वी नाही, त्याच्याही आधी बंद पडली होती. आता विचार करा, त्या टेबलाच्या कोपऱ्यात असं काय होतं जे त्या खोलीत नाही? उजेड? उंची? माणसं? तेवढं सापडलं की ते खोलीत नेता येतंय का बघा. नसेल येत तर खोलीला खुशाल अडगळ म्हणा आणि एक चाकांची ट्रॉली जेवणाच्या टेबलाशेजारी ठेवा.

मी १२ वर्षं मुलांना चित्रकला शिकवतेय. घरी काढतात ती मुलं आणि न काढणारी मुलं यांच्यात मला एकच फरक दिसलाय, सामानाचा नाही. काढणाऱ्यांचं सामान उघडं असतं. वही उघडी, पेन्सिल वर. न काढणाऱ्यांचं सामान कपाटात, कव्हरमध्ये, चेन लावून, अगदी नीट ठेवलेलं असतं.

पसाराप्रेमी
मी हेच म्हणत होतो!!

राखाडी
नाही, तुम्ही हे म्हणत नव्हतात. पण जवळपास आलात.

खोडरबर
कांडीताई, तुमच्या प्रश्नाने माझा पहिला प्रतिसाद अर्धा बाद झाला. माझ्या खोलीत ७२ डब्या आहेत, सगळ्यांना लेबलं आहेत, आणि मी स्केचबुक बसमध्ये भरतो.

नुसताच वाचक
अवांतर: ट्यूबा नव्हत्या तेव्हा काय करायचे?

तेलकट बोट
डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत रंग भरून तोंड बांधायचे. लागेल तेव्हा टोचायचं आणि भोकात खिळा मारून बंद करायचं. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने दाबता येणारी धातूची ट्यूब काढली. तेव्हापासून रंग घेऊन बाहेर पडणं सोपं झालं.

जाड ब्रश
आणि तेव्हापासून झाकणं अडकतात.

तिरपी रेघ
धागाकर्त्या कुठे गेल्या? सुट्टी संपली असेल एव्हाना. गाठोड्यात अडकल्या का?

फिकट निळी
आले, आले. चार दिवस इकडे फिरकले नाही, कारण खरोखर आवरत होते. अहवाल देते.

पहिला दिवस तिरपी रेघ यांच्या पद्धतीने: एक खण, एक तास. दुपारी दोनला दुसराच खण चालू होता आणि त्यातून प्रिंटरच्या वायरी निघाल्या. मग खोडरबर यांच्या पद्धतीवर आले आणि सगळं बाहेर काढलं. ५८ ट्यूबा निघाल्या, त्यातल्या २३ मेलेल्या. जलरंगाच्या नऊ चिरल्या. एक सांगते, क्रिमझनची वडी ट्यूबमधून निघाली ती अख्खी, वळणासकट, ट्यूबचा साचा घेऊन. वर पाण्याचा थेंब टाकला. आधी नुसता बसून राहिला, मग कडेने हळूच लाल झाला. तिथे पंधरा मिनिटं गेली.

तेलाची फडकी निघाली. पिशवीत, गाठ मारून. तेलकट बोट, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तीन वर्षं जुनी, एव्हाना कडक झालेली, पण अंगावर काटा आला.

कागद तपासले. ११ तावांपैकी सातांवर ठिपके. शेवटच्या दोन वर्षांत 'आपला हात बिघडला' असं मी ज्याला म्हणत होते, त्यातलं किती या कागदाचं होतं कोण जाणे.

दिवे दोन घेतले. सीआरआय ९५, ५००० केल्विन. पडदा पांढरा. एक भिंत राखाडी. रॅक नाही, कपाट नाही, इझल नाही.

आणि कांडीताईंचा प्रश्न. दोन दिवस डोक्यात होता. शेवटी टेप घेऊन जेवणाचं टेबल मोजलं. त्याची उंची आणि खोलीतल्या टेबलाची उंची जवळजवळ सारखीच निघाली. उजेडही बरोबरीचा. मग कळलं. जेवणाच्या टेबलाशी मी बसतच नाही, उभी राहते. येता जाता. गॅसवर काही ठेवलं की दोन हात मारते, परत आत जाते. खोलीत मात्र खुर्ची होती आणि भिंतीकडे तोंड होतं, दाराकडे पाठ. तिथे 'बसावं' लागायचं.

म्हणून जुनं टेबल आणि खुर्ची बाहेर काढली. आणि हसू नका, इस्त्रीचं टेबल आत राहिलं. त्याची उंची कमी-जास्त होते! वर ड्रॉइंग बोर्ड क्लिपांनी बसवला, लांबच्या कडेखाली मास्किंग टेपचं रीळ सरकवलं की जलरंगाला हवा तेवढा उतार मिळतो. थोडं हलायचं म्हणून एक टोक भिंतीला टेकवलंय. तोंड दाराकडे. दार उघडं. रंग उघडे.

काल रात्री फोडणी देऊन आले आणि आकाशाचा एक वॉश मारला. सपशेल फसला, कारण कागद सातातला घेतला होता. पण मारला.

कोळशाची कांडी
इस्त्रीचं टेबल! हे मला १२ वर्षांत सुचलं नाही.

उजेडवेडा
सीआरआय ९५ वाचून डोळे पाणावले.

राखाडी
बाकीच्या तीन पिवळ्याच ना?

फिकट निळी
पिवळ्याच. 😊

घडीचा कागद
ते सात ताव वेगळे काढून वर पेन्सिलने खूण करा, नाहीतर परत तोच हाताला येईल.

जाड ब्रश
सगळं छान. घरात आता इस्त्री कशावर करता?

फिकट निळी
जेवणाच्या टेबलावर. त्याच कोपऱ्यात.

नवा ताव
नमस्कार, उशिरा आले. सगळे प्रतिसाद वाचले नाहीत. ॲक्रिलिकची वाळलेली ट्यूब परत ओली करता येते का?

खोडरबर
नाही.